कातरलेली मेंढरं आणि दगडी वाट

अक्षरं मी पस्तिशी उलटल्यावर शिकले. सोलापुरात आमच्या गिरणीच्या चाळीत बायकांसाठी दुपारचा वर्ग निघाला होता, तिथं. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, लिहायला आल्यावर काय लिहाल? कुणी म्हणाली माहेरी पत्र लिहीन, कुणी म्हणाली सही करीन. मी म्हणाले, मला एक दिवस लिहायचाय. बाई हसल्या. हसेनात का! त्या एका दिवसासाठीच तर मी पाटीवर गिरवत बसले. लिहिता आल्यावर मात्र कितीतरी वर्षं हात धजला नाही. आता लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल तरी.

आमचं गाव सांगोल्याकडं, माणदेशात. आम्ही धनगर, घर सगळं मेंढरांवर. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणातल्या भाताच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात भात घ्यायचं आणि वळीव लागायच्या आत माघारी यायचं. निघायच्या आधी मेंढरं कातरायची ही रीत. लोकर सनगराला द्यायची, तो घोंगड्या विणतो, आणि त्याच्याकडून वाटेपुरता जोंधळा घ्यायचा. शिवाय कोकणातल्या उकाड्यात लोकरीचं मेंढरू धापा टाकतं, म्हणून कातरलेलंच बरं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं, त्यात कुणी डोकं घालत नव्हतं.

त्या साली पाऊसच आला नाही. मृग कोरडा गेला, आश्लेषा, मघा कोरड्या गेल्या. माणनदीत वाळू उडत होती. बाभळीच्या शेंगा संपल्या, पाला संपला, मेंढरं एकमेकांची लोकर चघळायला लागली. उत्तराही कोरडी गेली तसे मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "आता हस्ताचा हत्ती तरी काय सोंड हलवतोय! दिवाळीची वाट बघत बसलो तर हितंच हाडं पडतील. निघायचं." मग घाईघाईनं कातरणी काढली. मी स्वतः मेंढरांचे पाय धरले. महिना-सव्वा महिना आधीच आम्ही कातरलेला कळप घेऊन गाव सोडलं. आमच्यात एकालाही सुचलं नाही की आमच्या आभाळात ढग नाही म्हणून घाटातल्या आभाळात नसेल असं थोडंच आहे! सुचणार कुठून? आमच्याकडं पावसाळा संपला होता, म्हणजे तो सगळीकडचाच संपला, अशी आमची अक्कल.

घरात माणसं तीनच, मामंजी, माझे मालक आणि मी. सासूबाई मागंच वारल्या होत्या. आणि माझी पोर, आठ महिन्यांची. माझं दूध आषाढातच आटलं होतं. पोटात भाकरी नाही तर दूध कुठून येणार? कळपातल्या मेंढ्याही कोरड्याठाक. एक शेळी तेवढी दुभती होती, म्होरकी. कळपाच्या पुढं तीच चालायची आणि मेंढरं तिच्या मागं. सकाळी वाटीभर आणि संध्याकाळी वाटीभर, एवढं तिचं दूध, त्यावर पोर जगत होती. माझं सगळं लक्ष त्या शेळीच्या सडांवर. वाटेनं मी पोरीकडं कमी आणि शेळीकडं जास्त बघत होते, हे खोटं नाही.

नेहमीच्या घाटात आदल्या साली मोटारी सुरू झाल्या होत्या. एका मोटारीनं भोंगा वाजवला आणि आमची काही मेंढरं बिथरून दरीत गेली. म्हणून मामंजींनी ह्या खेपेला दुसरी वाट धरली. जुनी दगडी वाट, रानातून उतरणारी. फार पूर्वी कोकणातून मिठाचे बैल तिच्यावरून वर यायचे म्हणे. मामंजी लहानपणी बापाबरोबर एकदा तिच्यावरून उतरले होते, तेवढीच आमची माहिती.

वाटेच्या तोंडाशी एक बाई मोळी घेऊन भेटली, तिकडच्या रानातलीच. आमच्या मेंढरांकडं बघून थांबली. "कातरल्याली मेंढरं घिऊन खाली निगालाव? पाऊस हाय की अजून."

मामंजी हसले. "बाई, औंदा आमच्या रानात ढेकूळ भिजलं न्हाय. पाऊस कुटनं यील?"

तिनं वर बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि मोळी सावरत गेली. मीही हसले होते तेव्हा. आग लागो त्या हसण्याला!

वाट म्हणजे नुसते दगड. बाजेएवढाले, एकाखाली एक पायरीसारखे बसवलेले, बैलांच्या खुरांनी मधोमध खोलगट झालेले. वर शेवाळ. दोन्ही बाजूंना झाडी अशी की ऊन खाली पोचतच नव्हतं. आम्ही बाभळीखालची माणसं, दोन कोसांवरचं माणूस दिसतं अशा माळावर वाढलेली. एवढी झाडं एका ठिकाणी बघून जीव घाबरा झाला माझा. मेंढरांचंही तेच. वर आभाळ दिसेना तशी ती एकमेकांत घुसून चालायला लागली. शेळी तेवढी दगडामागून दगड टकाटक उतरत होती, आणि तिचं बघून मेंढरं एकेक पाय खाली टाकत होती. मालक बिऱ्हाडाचं घोडं धरून मागं, पोर माझ्या पाठीशी बांधलेली.

निम्मी वाट उतरलो असू तेव्हा पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस आधी धूळ उडवून, गडगडून, सांगून-सवरून येतो. हा आलाच एकदम. पानांवर आवाज झाला आणि पाठोपाठ गारठा. घटकाभरात वाटेचाच ओढा झाला. खोलगट दगडांतून गढूळ पाणी पायऱ्या उतरत चाललं. मेंढरू पाण्यात पाय घालत नाही. सगळा कळप जागच्या जागी थांबला. अंगावर लोकर नाही, उघडी कातडी, पावसाचा मार थेट हाडांवर.

शेळी दोन पायऱ्या उतरली आणि तिसऱ्या दगडावरून घसरली. पुढच्या गुडघ्यावर आपटली. मी धावत जाऊन तिला धरलं. थरथर कापत होती. वाटेच्या कडेला खडकाची एक कपार होती, दोन माणसं बसतील एवढी. मी शेळीला ओढत कपारीत नेलं, पोरीला पाठीवरून सोडलं, शेळीच्या पोटाशी धरलं आणि दोघींवर माझं घोंगडं टाकलं.

वरून मामंजींचा आवाज आला. "शेळी आण म्होरं. तिच्यामागं येत्याल मेंढरं. खाली सपाटी हाय, तितं झाडाबुडी उबी करू."

मी म्हणाले, "न्हाय आणायची."

सासऱ्याला उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. डोक्यावरचा पदरही तेव्हा जागेवर नव्हता.

"अगं, मेंढरं मरत्यात की!"

"मरू देत. शेळी पडली तर माजी पोर मरंल."

मरू देत म्हणाले मी. तोंडातून गेलं ते गेलं. मामंजी पावसात उभे राहून माझ्याकडं बघत राहिले. त्यांनी बापाकडून घेतलेला कळप होता तो, जन्मभर त्यामागं फिरलेले. धनगराचं मेंढरू गेलं की मागं काय उरतं? हातात काठी. हे मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. तरी मी शेळीच्या गळ्यातली दोरी हाताला दोन वेढे देऊन बसले.

आणि माझे मालक! घोड्याचा दोर धरून उभे. बापाची बाजू घ्यावी तर पोर, पोरीची घ्यावी तर बाप. मी ओरडले, "तोंडात काय मिठाची गुळणी धरलीया का?" त्यांनी घोडं झाडाला बांधलं, एक मेंढी खांद्यावर टाकली आणि एकटेच पाण्यातून खाली गेले. बाकीची मागं येतील अशी आशा. एकही हललं नाही. ते परत आले, दुसरी उचलली, खाली गेले. अशा किती खेपा केल्या देव जाणे. पाय सोलून निघाले त्यांचे.

मामंजी आणखी दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा हात जोडले त्यांनी मला. सासऱ्यानं सुनेला! "घटकाभर दे पोरी शेळी. पुना आनून बांदतो." मी मान खाली घातली आणि दोरी सोडली नाही. त्यानंतर ते मागायला आले नाहीत.

मेंढरू मरताना ओरडत नाही. बकरं ओरडतं, कुत्रं केकाटतं, मेंढरू नुसतं खाली बसतं. गुडघे मोडले की मान दगडावर टेकतं आणि मग त्याच्यावरून पाणी वाहायला लागतं. बाहेरची मेंढरं उबेसाठी आत घुसत होती, आतली चेंगरत होती. मामंजींनी आपलं घोंगडं मेंढरांवर टाकलं. मग बिऱ्हाडातली पोती काढून टाकली. मग डोक्याचं मुंडासं सोडलं आणि परवाच वाटेत व्यालेल्या एका मेंढीचं कोकरू त्यात गुंडाळून छातीशी धरलं. उघड्या डोक्यानं ते एकेका मेंढीला नावानं हाका मारत होते. उठ गं काळतोंडे, उठ गं बांडे. मी कपारीतून ऐकत होते. कानावर हात ठेवता येत नव्हते, एका हातात दोरी होती आणि दुसरा पोरीवर.

दिवस कलायच्या आधी पाऊस थांबला. पायऱ्यांवर निम्म्याहून जास्त कळप आडवा पडलेला. उरलेली मेंढरं मान खाली घालून उभी. पोर जागी झाली आणि भुकेनं रडायला लागली. मी वाटी घेतली, शेळीखाली बसले आणि सड ओढला.

काही नाही.

दुसरा सड ओढला. दोन थेंब आले आणि थांबलं. कास बर्फासारखी गार. मी चोळली, तोंडाची वाफ दिली, पुन्हा ओढली. शेळी मुकाट उभी होती बिचारी, तिच्यात काही उरलंच नव्हतं. गारठ्यानं आणि भीतीनं दूध चोरलं होतं तिनं. तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले. कळप घालवला आणि दूधही गेलं. ज्याच्यासाठी सासऱ्याचे जोडलेले हात लाथाडले तेच हातात नव्हतं. मी खडकावर डोकं आपटलं. एकदा नाही, चारदा. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता, ती नुसतं तोंड उघडत होती.

मामंजी कपारीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आता लाथ घालतील असं वाटलं मला. घालावी असंही वाटलं. त्यांनी रिकामी वाटी बघितली, पोरीकडं बघितलं आणि माघारी वळले.

परत आले ते मुंडाशातलं कोकरू घेऊन. मेलं होतं ते. त्यांच्या मागोमाग त्याची आई आली होती, हुंगत, बें बें करत. ती जगली होती. तिची कास भरलेली होती, दोन दिवसांची ओली मेंढी. पण मेंढी परक्याला पान्हा सोडत नाही. कोकरू मेलं की हाताला थेंबभर देत नाही, कास दगड झाली तरी. आमच्यात त्याला एकच उपाय. मेलेल्या कोकराचं कातडं सोलायचं आणि दुसऱ्या पोरक्या कोकराच्या अंगावर घालायचं. मेंढी शेपटीशी हुंगते, वास आपला लागला की पान्हा सोडते.

मामंजी दगडावर बसले आणि सुरी काढली. मला काय चाललंय ते कळेना. सोलताना त्यांनी कातडं कुठं फाटू दिलं नाही. मग त्यांनी माझ्याकडं न बघता हात पुढं केला.

"पोर दे."

मी दिली. त्यांनी ते ओलं, कोमट कातडं माझ्या पोरीच्या पाठीवरून गुंडाळलं, शेपूट कमरेशी येईल असं, आणि मुंडाशाच्या चिंधीनं बांधलं. तिला आडवी धरून मेंढीच्या कासेखाली नेलं. मेंढीनं मान वळवली, शेपटीशी नाक लावलं आणि घशातल्या घशात हळू आवाज काढला, कोकराला बोलवायचा असतो तो. तिनं चाटायला सुरुवात केली. पोरीनं सड धरला.

"मुंडकं धर तिचं," मामंजी मला म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं माझ्याशी तेच शेवटचं बोलणं. "तिला पोरीचं तोंड दिसू देऊ नगं. दिसलं तर पान्हा चोरंल."

मी मेंढीपुढं गुडघ्यावर बसले. ती सारखी मागं वळून बघायला धडपडत होती, आपलं पोर उठलं का ते बघायला. तिचे डोळे माझ्या डोळ्यांपुढं, एका वितीवर. मागून पोरीचा घटाघटा पिण्याचा आवाज येत होता. मी दोन्ही हातांनी त्या आईचं तोंड आवळून धरलं आणि माझ्या पोरीचं पोट भरेपर्यंत तिला वळू दिलं नाही.