फ्राऊ क्रामर यांचा घोंगडी-नारळ देऊन सत्कार

जर्मनीत शिकायला गेल्याच्या सहाव्या दिवशी मी एका सरकारी बाईंना लाच द्यायचा प्रयत्न केला. तशी नोंद आहे. (आमच्या घरच्यांच्या मते तो सत्कार होता, पण नोंद जर्मनांकडे आहे.)

मी न्हावऱ्याची. माझे आजोबा, म्हणजे आबा, गावातल्या दूध संस्थेचे कैक वर्षांचे चेअरमन. आमच्या आधीच्या पिढ्या मेंढरं राखायच्या. आबांनी मेंढरं विकून गाई घेतल्या, पण घोंगड्यांचा नाद काही सुटला नाही. गावात नवा तलाठी, नवा ग्रामसेवक, नवा वायरमन, कुणीही नवं माणूस आलं की आबा त्याला पहिल्याच दिवशी संस्थेच्या ऑफिसात बोलावतात, खांद्यावर घोंगडी टाकतात, हातात नारळ देतात आणि टाळ्यांना चार माणसं उभी करतात. कामाचं बोलणं त्यानंतर. "पैसं देणं म्हंजी लाच," आबा सांगतात, "आन् नारळ देणं म्हंजी माणुसकी." या पद्धतीचा गुण असा, की आमची विजेची डीपी जळाली तर वायरमन हातातला घास ठेवून येतो आणि शेजारच्या वस्तीवर मात्र चार-चार दिवस अंधार असतो. त्यामुळे ही पद्धत मला लहानपणापासून पटलेली. मी एम.एस्सी. आहे, हे इथंच सांगून टाकते.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं बॅगेत शेंगदाण्याची चटणी, कुरडया, काळा मसाला असं सगळं ठासून भरलं होतं. आबांनी येऊन त्यातलं निम्मं बाहेर काढलं आणि एक घोंगडी घातली, वर नारळ ठेवला.

"ही कशाला?" आईनं विचारलं.

"तिथं बी हापिसं असत्यालच की."

"ती गोरी माणसं घोंगडी घिऊन काय करत्याल?"

"थंडी हाय न्हवं तिकडं? आपल्या वायरमनला तर मे म्हयन्यात दिली. त्यानं घेतलीच की."

आईनं बॅगेची चेन ओढली. कुरडया घरी राहिल्या.

लायपझिगला पोचले आणि कळलं, की या शहरात आपण राहायला आलोय हे आधी सरकारदरबारी नोंदवावं लागतं. त्या नोंदीचा कागद नसेल तर बँकेत खातं नाही, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत तो विद्यापीठात दिला नाही तर माझा प्रवेशच रद्द होणार होता. नोंदणी कार्यालयाच्या वेळा मात्र पुढचे तीन आठवडे भरलेल्या. चार दिवस मी मोबाईलवर डोळे लावून बसले. शेवटी कुणीतरी आपली वेळ सोडली आणि मला गुरुवारची सकाळची दहा मिनिटं मिळाली.

परत जाणं मला शक्यच नव्हतं. मला पाठवू नये म्हणून अख्खी भावकी आबांच्या मागं लागली होती. "पोरगी जाणार," एवढंच बोलून आबांनी सगळ्यांशी वाकडं घेतलं होतं. शिवाय निघताना गावात माझे अकरा सत्कार झाले होते. अकरा सत्कार घेऊन गेलेली मुलगी आठव्या दिवशी बॅग ओढत एसटीतून उतरली, तर आबांनी चावडीवर बसायचं कसं? मला रात्रंदिवस तेच दिसायचं.

गुरुवारी सकाळी मी कार्यालयाच्या दारातून आबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं दुपार झालेली. दूध संस्थेच्या ऑफिसात आबा, माझा भाऊ विशाल आणि टाळ्यांची चार माणसं जय्यत तयार होती.

"नारळ घेतलास का?"

"घेतलाय. पण आबा, इथं असं चालतं का?"

"माणसंच हायत ना तिथं?"

"हायत."

"मग चालतंय. आधी सत्कार, मंग अर्ज. उलटं करायचं न्हाई. काम झाल्यावर मान कुणीबी देतंय."

आत खिडकीजवळच्या टेबलापाशी क्रामर नावाच्या बाई होत्या, तिकडच्या भाषेत फ्राऊ क्रामर. पन्नाशीच्या, गळ्यात साखळीचा चष्मा, टेबलावर निवडुंगाची कुंडी. मी फोन त्या कुंडीला टेकवून ठेवला आणि कागद दिले. बाईंनी ते तपासले आणि भराभर टाईप करायला सुरुवात केली. अर्ज चालला होता की पुढं, आणि सत्कार मागंच!

"पल्लवे," निवडुंगातून आबांचा आवाज आला, "आधी म्हनलं व्हतं ना."

मी उठले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले (तिकडं त्यांचे सहकारीही विचारल्याशिवाय जात नाहीत, हे मला नंतर समजलं) आणि घोंगडी बाईंच्या खांद्यावर टाकली. घोंगडी चांगली तीन किलोची. आबांना ती टाकायची सवय आहे, मला नाही. ती खांद्यावर न पडता डोक्यावरून पडली आणि फ्राऊ क्रामर चष्म्यासकट दिसेनाशा झाल्या. आतून दोन शिंका ऐकू आल्या. मी अंदाजानं त्यांचा हात शोधला आणि त्यात नारळ दिला. न्हावऱ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला.

टायपिंग थांबलं. घोंगडीखालून एक हात बाहेर आला आणि टेबलाखालचं बटण दाबून परत आत गेला.

मिनिटभरात त्यांचे साहेब आणि एक गणवेशातला उंचापुरा सिक्युरिटी गार्ड आला. इथं चित्रण करायला मनाई आहे, असं सांगून गार्ड माझा फोन दाराजवळच्या आपल्या टेबलावर घेऊन गेला. साहेबांनी बाईंना घोंगडीतून मोकळं केलं आणि वही उघडली.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"भेट."

"कशासाठी?"

या प्रश्नाला शंभर चांगली उत्तरं होती. मी म्हणाले, "काम होण्यासाठी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मी घाईघाईनं सावरायला गेले. "म्हणजे यांनाच असं नाही. आमचे आजोबा सगळ्याच अधिकाऱ्यांना देतात."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. "आजोबा कोण आहेत?"

"चेअरमन."

"कशाचे?"

"दुधाचे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन पुन्हा उचललं. मग नारळ कानाशी धरून हलवला. "आत काय आहे?"

"पाणी."

यावर त्यांचा बहुधा विश्वास बसला नाही. नारळ एका प्लॅस्टिकच्या टबात ठेवून दूर कोपऱ्यात नेण्यात आला. माझे कागद घेऊन साहेब आत गेले आणि मला दाराजवळच्या बाकावर बसवलं.

त्या बाकावर मी अर्धा तास बसले. सगळं संपलंय याची मला खात्री होती. एका घोंगडीपायी मी माझी दोन वर्षांची मेहनत आणि आबांची अब्रू घालवली होती. एवढ्यात शेजारच्या टेबलावरून आबांचाच आवाज आला. गार्डनं माझा फोन आपल्या थर्मासला टेकवून ठेवला होता, पण बंद केला नव्हता. (मालकाला विचारल्याशिवाय फोनचं बटण दाबायचं नाही, असा नियम असावा.) छातीवर बिल्ला, खांद्यावर पट्ट्या पाहून आबांनी त्याला मोठा साहेब ठरवून टाकलं होतं आणि इतका वेळ ते त्याच्याशी गाईंच्या दुधाच्या फॅटबद्दल बोलत होते. गार्डही बिचारा चेहरा गंभीर ठेवून माना डोलवत होता.

"साहेब," आबा म्हणत होते, "तेवढं आमच्या पोरीकडं लक्ष ठिवा. लांब हाय वो ती. हुशार हाय, पर येडी हाय जरा."

मग मात्र मला राहवलं नाही. खोटं कशाला सांगू, मी त्या बाकावर हमसून हमसून रडले.

साहेब बाहेर आले ते दोन कागद घेऊन. पहिला नोंदणीचा होता, शिक्क्यासकट! "तुमची कागदपत्रं पूर्ण होती," ते म्हणाले. "फ्राऊ क्रामर यांचं काम झालंच होतं. शिक्का उचलायच्या आत तुम्ही त्यांना झाकलंत. नोंदणी हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणालाही काही द्यायचं नसतं." दुसरा कागद ताकीद होती. असं पुन्हा करणार नाही, अशी सही केली. एक लोकरी वस्त्र आणि एक फळ परत मिळालं, अशीही एक सही केली. मग साहेबांनी गार्डला सांगितलं, की यांना दाराबाहेर सोडून या.

माझ्या एका हातात फाईल. दुसऱ्या हातात गार्डनं नारळ दिला. घोंगडी धरायला हातच उरला नाही, म्हणून त्यानं ती माझ्या खांद्यांवर घातली, नीट सारखी केली, माझ्या दंडाला धरलं आणि मला दाराकडे वळवलं. हे सगळं थर्मासच्या बरोबर समोर झालं. न्हावऱ्यात पुन्हा टाळ्या पडल्या.

शुक्रवारी मी कागद विद्यापीठात दिला. प्रवेश पक्का झाला. रविवारी विशालनं एक फोटो पाठवला. एसटी स्टँडसमोर मोठाच्या मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर त्याच व्हिडिओ कॉलमधून उचललेलं चित्र: खांद्यावर घोंगडी, हातात नारळ आणि गालावर ओघळ आलेली मी, आणि माझा दंड धरलेला गणवेशातला गोरा माणूस. खाली ठळक अक्षरं: 'जर्मनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हस्ते आपल्या गावच्या कन्येचा सत्कार.'

मी तडक आबांना फोन केला. "आबा, तो वाचमन हाय. मला हापिसातून बाहेर काढत व्हता तो."

आबा म्हणाले, "काढताना घोंगडी घालूनच काढलं ना?"

"व्हय."

"नारळ बी दिला ना हातात?"

"दिला."

"मग? आन् रडत व्हतीस ते? लोकांला मी सांगितलंय, आनंदाश्रू हायत म्हणून."

"आनंदाश्रूच होते, आबा," मी म्हणाले. इतक्या मानानं हाकललं जायचा योग मला पुन्हा कुठं येणार होता!