मी देतो, मी देतो!

चहाचे पैसे द्यायला मी आजवर कधीच नकार दिलेला नाही. आणि शक्यतो पैसेही दिलेले नाहीत.

ही कला आहे हो! बिल आलं की "मी देतो, मी देतो!" असं सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचं, हात मागच्या खिशात घालायचा आणि पाकीट तिथेच अडकू द्यायचं. ते निघेपर्यंत समोरचा पैसे देऊन मोकळा! (वर आपण रुसायचं, "हे बरोबर नाही हं!") अख्ख्या दोहात या कलेत माझ्या तोडीचा एकच माणूस होता, आमचे अल गराफातले शेजारी देशपांडे.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता. रोज नवा रस्ता, रोज नवं डायव्हर्जन, आणि जिकडेतिकडे नुसतं कार्ड टेकवायचं. मलाही चेव आला. मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो.

"सगळा देश कॅशलेस होतोय आणि आपण आनंदमेळ्यात अजून कुपनं फाडतोय? मनगटाला पट्टा बांधा, त्यात आधीच पैसे भरा, स्टॉलवरच्या मशीनसमोर हात नेला की टिंग! काम खलास!"

टाळ्या पडल्या आणि सगळं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मेळ्याच्या दिवशी माझी बायको मंजिरी मिसळीच्या स्टॉलवर अडकलेली.

"अहो, फरीदाखाला फणसाचं सांदण आणणारेत. गावाहून रस मागवलाय त्यांनी. मला इथून हलता येत नाही. एक प्लेट तेवढी आणाल? दुसरं काही मागत नाही."

मंजिरी रत्नागिरीची, फरीदाखालाही तिकडच्याच. कतारला आल्यापासून तिच्या जिभेला सांदण लागलं नव्हतं.

"एक काय, दोन आणतो!" म्हणून मी ऐटीत निघालो.

वाटेत चहाच्या स्टॉलवर देशपांडे, सहकुटुंब.

"मी देतो!" ते म्हणाले.

"छे छे, मी देतो!" सवयीनं माझाही हात पुढे गेला. टिंग!

पाकीट अडकायला खिसा तरी होता. मनगट कुठे अडकणार?

पुढे वडापाव. तिथे देशपांड्यांच्या ऑफिसातली मंडळी. "आज माझ्याकडून!" टिंग! मग पुरणपोळी. "भाऊजी, उगाच कशाला?" असं देशपांडेवहिनी म्हणायचा अवकाश, टिंग! देशपांडेही दर वेळी हिरिरीनं हात पुढे करत होते, पण त्यांच्या हाताला मशीन ढिम्म दाद देईना. नीट पाहिलं आणि चाट पडलो. गृहस्थानं पट्टा बांधला होता डाव्या हाताला आणि पुढे करत होता उजवा! मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

फरीदाखालांच्या स्टॉलवर पोचलो तेव्हा एकच प्लेट उरली होती. मी हात नेला. मशीननं लाल दिवा लावून असा भोंगा वाजवला की चार माणसं वळून बघायला लागली. पट्टा रिकामा! पैसे भरायचं काउंटर बंद. (ते लवकर बंद करायचं, हा निर्णयही अस्मादिकांचाच!) मी खिशातून नोटा काढल्या.

"खाला, रोख घ्या ना!"

"कशी घेऊ बाबा? ती पाटी बघ, 'रोख घेतल्यास स्टॉल बंद'. तूच लावलीस ना?" खाला हसल्या. "ने असंच, बायकोला दे."

फुकट? आणि कॅशलेसच्या कार्यवाहानं? चारचौघांत हात काही पुढे होईना. पण तिकडे मंजिरी तर्री वाढता वाढता माझ्या वाटेकडे डोळे लावून होती. एवढंसं मागितलं होतं तिनं! मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला, "राहू द्या, राहू द्या, मी देतो!"

देशपांड्यांचा उजवा हात पुढे आला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ डावा धरला आणि मशीनवर टेकवला.

टिंग!

"शुक्रन!" मी अरबीत आभार मानले.

देशपांड्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. पण पैसे गेलेच आहेत म्हटल्यावर श्रेय कोण सोडतो? प्लेट उचलून तेच माझ्यापुढे चालू लागले. मंजिरीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"वहिनी, आमच्याकडून हं!" देशपांडे म्हणाले.

अर्ध्या मेळ्यानं त्या दिवशी माझ्या मनगटावर खाल्लं, त्याचं कुणालाच काही नाही. पण आजही सांदणाचा विषय निघाला की मंजिरी मला ऐकवते, "हात कसा सढळ हवा माणसाचा, देशपांडे भाऊजींसारखा!"

तो हात धरून मीच लावला होता!