संदीपची गाडी, बर्फ आणि आण्णा

बाहेरच्या लोकांना वाटतं, परदेशातली मराठी माणसं जमली की गावाकडच्या आठवणी काढत असतील. आम्ही ब्रिस्टलची चार-पाच घरं जमलो की संदीपच्या गाडीचे किस्से काढतो. एक हिवाळा, एक गाडी, आणि त्यात एवढा ऐवज कसा जमला कोण जाणे! कुणी खिडकीबाहेर बघून नुसतं "आज गारठा आहे" म्हणालं, तरी संदीपची बायको अश्विनी हातातलं ताट खाली ठेवते आणि म्हणते, "झालं. करा सुरू."

त्यातल्या बहुतेक किश्श्यांना मी जातीने हजर होते. माझा स्वभाव चौकस. कुठे काही घसरत असेल तर मी आधी बघायला जाते, मग मदतीला.

*

काचेला रस्ता सांगणारा सॅट नॅव्ह चिकटवून फिरायचे ते दिवस. संदीप आणि मी एकाच ऑफिसात विमानाच्या पार्ट्सचं डिझाईन करायचो. एका शनिवारी तो दोन सीटची, जमिनीला टेकलेली चंदेरी स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभा राहिला. सेकंडहँड, पण चेहऱ्यावर तेज असं की नवरी आणलीय. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर. "रिअर व्हील ड्राइव्ह आहे," तो प्रत्येकाला सांगायचा. विचारलं नसलं तरी सांगायचा.

फोटो सगळ्यात आधी कराडला गेला, आण्णांना. आण्णा म्हणजे त्याचे वडील. एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर; स्टिअरिंगला हात लावून पाया पडल्याशिवाय एक दिवस गाडी सुरू केली नाही. कुंभार्ली घाट त्यांना तोंडपाठ, पण स्वतःच्या मालकीची म्हणाल तर आयुष्यात एक सायकल. संदीपला मनातून एकच हवं होतं: आण्णांनी गाडीला चांगलं म्हणावं. आण्णा कशालाच चांगलं म्हणत नाहीत हे त्याला माहीत होतं. दहावीला तालुक्यात पहिला आला तेव्हाही ते "बरं" म्हणून ड्यूटीवर गेले होते. पण गाडीचा विषय त्यांचा स्वतःचा. निदान गाडीबद्दल तरी बोलतील, असं त्याला वाटलं.

फोटो बघून आण्णांनी फोन केला. संदीप श्वास रोखून उभा.

"डिकीत पोती किती बसतात?"

*

डिसेंबरात पहिला बर्फ पडला. संदीप विंटर टायरची चौकशी करायला गेला तर दुकानदाराने त्याच्याकडे, एप्रिलमध्ये आकाशकंदील मागितल्यासारखं बघितलं. इकडे असले टायर कुणी लावत नाही, मागवायला दोन आठवडे लागतील, तोवर बर्फ गेलेला असेल, असं त्याचं म्हणणं. संदीपच्या गाडीला होते ते उन्हाळी, रुंद, गुळगुळीत टायर.

आमच्या कंपूत प्रफुल्ल नावाचा नागपूरकर आहे. त्याला प्रत्येक गोष्टीची थिअरी येते आणि गाडी येत नाही. तो म्हणाला, "काहून घाबरून राहिला बे? रिकाम्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस कर. मी सांगतो ना."

ऑफिसचं पार्किंग सकाळी साडेसातला मोकळं होतं. संदीपने ॲक्सिलरेटर दिला. गाडीचं नाक जागेवर राहिलं आणि मागचा भाग पुढे निघाला. प्रफुल्ल आतून ओरडत होता, "जिकडं घसरते तिकडं स्टिअरिंग फिरव!" गाडीने एक गिरकी घेतली, मग दुसरी. मी भिंतीजवळ उभी राहून मोजत होते. अडीच गिरक्या झाल्यावर ती हळूच, अगदी सरळ, तोंड बाहेर करून भिंतीपाशी थांबली. वर पाटी होती: डायरेक्टरसाठी राखीव.

सिक्युरिटीवाला कीथ त्याच्या केबिनमधून हे सगळं बघत होता. चहाचा मग घेऊन तो शांतपणे चालत आला, वाकून काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "सॉरी, तिथे लावता येणार नाही."

*

आण्णा आले ते त्याच आठवड्यात, दोन महिन्यांसाठी. एअरपोर्टहून येताना गाडीत ते काय बोलले, हे आम्ही संदीपला विचारलं. ते दोन तास बाहेर बघत होते म्हणे, आणि इकडच्या मेंढ्यांना थंडी वाजत नाही का, एवढं एकदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर आण्णा बर्फात गुडघे टेकून गाडीखाली बघत होते. संदीप मागे उभा. चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल लागायच्या आधीचं हसू.

"ह्यो शाफ्ट मागं जातोय. मागचीच चाकं ढकलतात व्हय गाडीला?"

"होय आण्णा. रिअर व्हील ड्राइव्ह."

आण्णा उठले, गुडघे झटकले. "मग आमच्या एसटीवानीच की."

संदीप किल्ली घेऊन तडक आत गेला. मला मात्र आण्णांची गंमत वाटायला लागली. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघत होता आणि आमच्यासारखा फोटो काढत नव्हता. मूठभर उचलून वास घेत होता. बुटाच्या टाचेने दाबून बघत होता. सकाळचा भुसभुशीत बर्फ आणि दुपारी वितळून पुन्हा गोठलेला बर्फ यातला फरक त्यांनी मला दोन दिवसांत समजावला. आम्ही इथे पाच वर्षं राहत होतो, आम्हाला सगळा एकच वाटायचा.

*

पिवळ्या पेटीचा किस्सा सांगताना प्रफुल्ल नेहमी उठून चहा करायला जातो.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर झाकणाची एक मोठी पिवळी पेटी होती. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची वस्तू, आपण कशाला हात लावा, म्हणून कुणी कधी उघडली नव्हती. इकडे आल्यावर आपली माणसं फार शिस्तीत राहतात, विनाकारणसुद्धा. आण्णांनी तिसऱ्या दिवशी विचारलं, "ह्यात काय हाय?" कुणालाच सांगता येईना. इंजिनियर चौघे होतो!

आण्णांनी सरळ झाकण उघडलं. आत रस्त्यावर टाकायचं जाडं मीठ आणि वाळू. बर्फ पडला की गल्लीतल्या लोकांनीच टाकायचं, म्हणून ठेवलेलं. त्यांनी फावडं मागवलं आणि उपसायला लागले. निम्म्यावर गेल्यावर मिठाखालून एक निळा स्वेटर निघाला. मग एक चॉकलेटी.

प्रफुल्ल म्हणाला, "तेव्हा रिकामीच होती. मले वाटलं, कपडे दान करायची पेटी आहे."

दोन दिवसांत सगळ्या गल्लीने ते मीठ संपवलं. पुढच्या बर्फाला पेटी रिकामी होती. स्वेटर प्रफुल्लने धुऊन घेतले.

*

पुढे जानेवारीत प्रफुल्लने एक्सेलमध्ये हिशेब मांडला की मागच्या चाकांवर ऐंशी किलो जास्तीचं वजन पडलं तर गाडी चढ चढेल. ऐंशी किलो आणायचे कुठून? इंग्रज माणसाने वाळूची पोती आणली असती. आम्ही कणीक आणली. प्रत्येक घरात दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या असतातच. चार घरांच्या आठ पिशव्या संदीपच्या डिकीत दाबून बसवल्या. गाडी खरंच चढली! प्रफुल्ल एवढा खूश झाला की त्याने एक्सेल सगळ्यांना मेल केलं.

संध्याकाळी अडचण लक्षात आली. पोळ्या कशाच्या करायच्या? मग रोज सहा वाजता एकेक घर डबा घेऊन संदीपच्या डिकीशी यायला लागलं. अश्विनी फुलपात्राने मोजून द्यायची. हातात मोजे, डोक्यावर टोपी. समोरच्या मार्गारेटबाईंनी दोन दिवस पडद्याआडून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याही एक वाडगा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कशाची रांग आहे हे त्यांनी विचारलं नाही.

हळूहळू गाडी पुन्हा घसरायला लागली. शुक्रवारी तर गल्लीच्या तोंडालाच आडवी झाली. संदीपने डिकी उघडली, आत बघितलं आणि विचारलं, "काल पराठे कुणाकडे होते?"

मी माझा जेवणाचा डबा पर्समध्ये खाली ढकलला.

*

आता शेवटचा. हा सांगायला सुरुवात केली की अश्विनी आम्हाला थांबवत नाही.

आण्णांच्या परतीच्या दिवशी सकाळी दार उघडलं तर बोटभर बर्फ, आणि वरचा थर काचेसारखा. विमान दुपारी चारला हीथ्रोहून. मोटरवे चालू होता, मेन रोडवर गाड्या धावत होत्या. पण आमची गल्ली उताराच्या तळाशी, आणि टॅक्सीवाले खाली यायला तयार नव्हते. प्रफुल्ल म्हणाला, बॅगा घेऊन चालत चढ चढून जाऊ, वर टॅक्सी मिळेल. बोलणं शहाणपणाचं होतं.

"आण्णांना मीच सोडणार," संदीप म्हणाला. "माझ्याच गाडीतून."

दोन महिने झाले होते. आण्णांनी मेंढ्यांबद्दल, मिठाबद्दल, मार्गारेटबाईंच्या मांजराबद्दलसुद्धा मत दिलं होतं. गाडीबद्दल "एसटीवानी"च्या पुढे एक शब्द नाही. संदीपला आता हे शेवटचे दोन तास उरले होते, आणि ते टॅक्सीवाल्याला द्यायची त्याची तयारी नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं. चाळिशीला टेकलेला माणूस, पण त्या सकाळी शाळेतला वाटत होता.

तीनदा प्रयत्न केला. पहिल्या गिअरमध्ये इंजिन किंचाळायचं, मागची चाकं जागेवर फिरायची, आणि गाडी तिरकी होऊन मागे यायची. तिसऱ्या वेळी मार्गारेटबाईंची भिंत वीतभर अंतरावर राहिली. आण्णा शेजारी बसले होते. कोट, कानटोपी, मांडीवर पासपोर्टची पिशवी. एकदाही "असं कर" म्हणाले नाहीत.

शेवटी संदीपने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. तसाच म्हणाला, "आण्णा, घाटात गाडी चढत नसली की तुम्ही काय करायचा?"

आण्णांना जणू हे कुणीतरी विचारायला हवं होतं. ते लगेच उतरले.

"पॅसेंजर मागं बसवायचे. तुम्ही तिघं, चढा डिकीवर."

ज्या डिकीवर बोटाचा ठसा उमटला तरी संदीप फडकं घेऊन धावायचा, तिच्यावर अश्विनी, प्रफुल्ल आणि मी पाय खाली सोडून बसलो. संदीपने मागचा आरसा वळवून टाकला.

आण्णा खिडकीशी वाकले. "दुसऱ्यात टाक. ॲक्सिलेटरला हात... पाय लावू नको. क्लच सोड, पण असा, की चाकाला कळता कामा नये. आन् एकदा हलली की वर जाईस्तवर थांबायचं न्हाई. कायबी झालं तरी. माझ्याकडं बगू नको."

गाडी हलली. माणूस चालेल त्या वेगाने, कुरकुर करत, पण सरळ. मार्गारेटबाईंचं दार गेलं, पिवळी पेटी गेली. आम्ही तिघं उलट्या दिशेला तोंड करून बसलेलो, त्यामुळे आम्हाला फक्त खाली लहान होत जाणारे आण्णा दिसत होते. कमरेवर हात ठेवून ते चाकांकडे बघत होते.

वर मेन रोडला बसस्टॉप होता. गाडी तिथे जाऊन थांबली. रांगेतल्या माणसांनी आधी गाडीकडे बघितलं, मग डिकीवरच्या आम्हा तिघांकडे. टाय लावलेल्या एका गृहस्थांनी अतिशय अदबीने विचारलं, "ही रिप्लेसमेंट बस का?"

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की आपण बॅगा आणल्या, आणि जायचं ज्यांना, ते खालीच राहिले.

आण्णा चढून आले. धाप लागली होती, नाक लाल झालं होतं. संदीप सीटवरच बसून होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. आण्णा त्याच्या दाराशी आले आणि दार उघडलं. त्यांना गाडी चालवायची आहे असं वाटून संदीप म्हणाला, "आण्णा, इन्शुरन्सवर तुमचं नाव नाही हो."

आण्णांनी हातमोजा काढला. आत वाकून दोन बोटं स्टिअरिंगला लावली आणि कपाळाला टेकवली. मग पलीकडून फिरून शेजारी बसले, बेल्ट लावला, आणि कंडक्टरने डबल बेल द्यावी तसं वर छतावर बोटाने दोनदा टकटक केलं.