आखाजीची खारी घागर

सुरुवातीलाच सांगते, मी विज्ञान शिकवते. नुसती शिकवत नाही, तर शाळेत दरवर्षी पोरांसमोर नारळातून धूर काढून दाखवते, लिंबातून 'रक्त' काढून दाखवते आणि मग त्यामागचं रसायन फळ्यावर लिहिते. 'मॅडमला भूतसुद्धा घाबरतं' अशी आमच्या स्टाफरूममधली चेष्टा. त्यामुळे न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी काही लिहीन असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आता लिहितेय… कारण कुणीतरी मला उत्तर द्यावं असं मनापासून वाटतंय.

आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीकाठी. शाळा म्हसावदला, मी रोज स्कूटीने ये-जा करते. घरी ऊस, केळी, थोडी पपई. शेती आमच्या ह्यांची. हे म्हणजे माझे मिस्टर, सुभाष पाटील. आता नाहीत. थंडीत गेले, उसाची तोड चालू असताना, बांधावर बसल्या-बसल्या. दवाखान्यात नेण्याइतकाही वेळ दिला नाही माणसाने.

ह्यांना एक खूळ होतं. दुपारी शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ निंबाखाली बसायचं आणि मोबाइलवर नकाशे बघायचे. सगळं जग हिंडून यायचे. एकदा असंच हिंडता हिंडता त्यांना हिंदी महासागरात, मॉरिशसच्या शेजारी, एक ठिपका सापडला… रियुनियन. बेट आफ्रिकेकडचं, राज्य फ्रान्सचं, आणि फोटो बघावा तर सगळीकडे ऊस! मागे ज्वालामुखी, मधे ऊस, पुढे समुद्र. हे धावतच घरी आले होते.

"दख वं, समिंदरना काठले ऊस! फ्रान्सवाला बी आपला भाऊबंदच निंघनात!"

झालं. तेव्हापासून रियुनियन एके रियुनियन. तिथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांत राबायला आपल्याकडची माणसं नेली होती, त्यांचे वंशज अजून तिथे आहेत, देवळं आहेत, हे सगळं ह्यांनी शोधून काढलं. युरोप फिरायचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो, हे मला ह्यांनीच सांगितलं. मुंबईहून मॉरिशस, तिथून छोट्या विमानाने बेट. एका बाईच्या घरगुती लॉजशी मोबाइलवरच्या भाषांतराने पत्रव्यवहार चालायचा. ती फ्रेंचमध्ये लिहायची, हे मराठीत. तिने एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे उसाला पाणी कुठून आणता? ह्यांनी तापीवर एवढं लांबलचक उत्तर लिहिलं की मोबाइल भाषांतर करता करता तापला!

जायचं मात्र दरवर्षी पुढे ढकललं जायचं. यंदा तोड होऊ दे. यंदा पपई निघू दे. नीलेशचं, म्हणजे मुलाचं, पुण्यात नोकरीचं बस्तान बसू दे. शेवटी दोघांचे पासपोर्ट काढले, येत्या दिवाळीच्या सुट्टीत जायचं पक्कं केलं, आणि हे गेले.

मी मात्र ठरवलं होतं, जायचं. एकटीनं जायचं. व्हिसाच्या कामासाठी मुंबईची तारीखही घेऊन टाकली होती. दु:ख बाजूला ठेवून फिरायला निघाले असं नाही हो… मला नुसतं घरात बसवत नव्हतं. ह्यांचं एवढं एक राहून गेलं, ते आपण करायचं, एवढंच डोक्यात होतं. रात्रंदिवस तेच.

पण घरात जिजी होत्या. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. वय झालं तरी आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं गप्प बसतं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"वरीस बी नई सरनं, आनि तू विमानमा बसशी? एकलीच? लोके काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "लोकं दोन दिवस म्हणतील आणि गप्प बसतील, जिजी."

"लोके बसतीन. मी नई बसाव."

आणि खरंच नाही बसल्या. बोलणंच बंद केलं माझ्याशी. कर्ता मुलगा गेलेली आई ती, तिच्याशी भांडायचं तरी काय? नीलेशनेही फोनवर तेच लावलं, "आई, पुढच्या वर्षी जाऊ ना, मी पण येईन." पुढच्या वर्षी! हे दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाची लाही व्हायची. पण शेवटी मीच हरले. आखाजीला नीलेश घरी येईल, त्याच्यासमोर जिजींना सांगायचं की मी नाही जात, आणि त्या बाईला नकार कळवून टाकायचा, असं मनाशी ठरवलं. ठरवलं आणि मोरीत जाऊन पोटभर रडले.

आता आखाजी. इतर ठिकाणी अक्षय्य तृतीयेला सोनं घेतात, आमच्याकडे खान्देशात पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, त्यात पाणी, वर छोटी केळी, म्हणजे मातीचीच लहानशी मडकी, तिच्यावर आंबा नाहीतर डांगर, म्हणजे खरबूज, आणि रव्याची गोड सांजोरी. ज्याच्या नावाची घागर त्याचं नाव घ्यायचं, पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य, चुलीतल्या विस्तवावर आगारी, म्हणजे नैवेद्याचा घास, टाकायची. गेलेल्या माणसाची उन्हाळ्यात तहान भागावी म्हणून. आमच्या घरात आणखी एक पद्धत आहे, जिजींच्या सासूपासूनची: दुसऱ्या दिवशी सकाळी घागरीतलं पाणी आधी घरच्यांनी एकेक आचमन घ्यायचं आणि मगच ते निंबाला घालायचं. 'पितरसनं उष्टं पानी घरनासले गोड लागस', असं जिजी म्हणतात.

यंदा दोन घागरी होत्या. एक सासऱ्यांची, नेहमीची. दुसरी ह्यांची… पहिलीच. दोन्ही एकाच कुंभाराकडून मीच आणल्या. नीलेशने दोन्ही भरल्या, एकाच हंड्यातून, माझ्या डोळ्यांदेखत. हंड्यातलं उरलेलं पाणी आम्ही दिवसभर प्यायलो. घागरी मधल्या खोलीत मांडल्या होत्या. जिजी त्यांच्या शेजारून हलल्याच नाहीत. रात्री अंथरूणही तिथेच टाकलं.

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन आल्यावर आचमनाला बसलो. सासऱ्यांच्या घागरीतलं पाणी नेहमीसारखं, गारेगार. मग ह्यांची घागर. पहिला नीलेश. त्याने तोंडात घेतलं आणि थूः करून थेट अंगणात पळाला.

"आई, खारट आहे! काहीच्या काही खारट!"

मला वाटलं, झाली याची नाटकं सुरू. मी आचमन घेतलं… आणि जिभेला अक्षरशः चटका बसला. नुसतं खारट नाही, खारट आणि मागून कडवट. हे पाणी मला ओळखीचं होतं. लग्नानंतर आम्ही दमणला गेलो होतो, तेव्हा लाटेने मला पाडलं होतं आणि नाकातोंडात पाणी गेलं होतं. तीच चव.

जिजींनी आमच्याकडे बघितलं. तळहातावर पाणी घेतलं आणि प्यायल्या. थुंकल्या नाहीत. उलट पुन्हा एकदा घेतलं. मग किती दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या.

"समिंदरनं पानी असंच ऱ्हास का वं?"

जिजींनी समुद्र कधी बघितलेला नाही. मी 'हो' म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला होता हे कबूल करते.

पण मी विज्ञानाची बाई! बाटली भरून पाणी घेतलं आणि तडक म्हसावद गाठलं. सुट्टी होती, पण प्रयोगशाळेची किल्ली माझ्याचकडे असते. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. साध्या पाण्यात जेमतेम धुरकट होतं, इथे दूध फाटल्यासारखे पांढरे गोळे खाली बसले. म्हणजे मीठ आहे, आणि भरपूर आहे. थोडं पाणी आटवलं, खाली राहिलेला खार जिभेला लावला… कडवट. धुण्याचा सोडा टाकून पाहिला, पाणी पांढरं गढूळ झालं. स्वयंपाकघरातल्या बारीक मिठाच्या पाण्यात तसं काही झालं नाही. समुद्राच्या पाण्यात होतं, कारण त्यात मॅग्नेशियम असतं.

आता तुम्ही म्हणाल, मडक्याची माती खारी असेल. कुंभार मातीत मीठ मिसळतात, मलाही ठाऊक आहे! म्हणून नंतर तीच घागर धुऊन पुन्हा भरली आणि दिवसभर ठेवली. पाणी गोड. तुम्ही म्हणाल, कुणीतरी खोडसाळपणे खडेमीठ टाकलं. खड्याच्या मिठातही थोडा कडवटपणा असतो, तेव्हा हे मी अगदीच नाकारत नाही. पण टाकणार कोण? घरात आम्ही तिघं. नीलेश तर सगळ्यात जास्त घाबरलेला. मी टाकलं नाही. जिजी? स्वतःच्या मुलाच्या पहिल्या घागरीत? असं करण्यापेक्षा त्या हात तोडून घेतील. आणि तापीकाठच्या खाऱ्या बोअरचं पाणी म्हणावं, तर हंडा एकच होता.

प्रयोगशाळेत दिसलं ते मी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं, तर नीलेश म्हणाला, "आई, सरळ आहे. बाबा नको म्हणतायत. समुद्रात धोका आहे. तू जाऊ नकोस."

"अरे, कॉम्प्युटर इंजिनिअर ना तू?" मी ओरडलेच. "फी कशाला भरली मग तुझी?"

ओरडले खरी, पण… तोच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता ना! जा म्हणतायत की जाऊ नको म्हणतायत? का काहीच म्हणत नाहीयेत आणि मीच खुळ्यासारखी पाण्याला प्रश्न विचारतेय? संध्याकाळी ओट्यावर बसून मोबाइल उघडला आणि त्या लॉजवाल्या बाईला लिहायला घेतलं, की माफ करा, आमचं येणं होत नाही. दोन ओळी लिहून झाल्या होत्या.

आजपर्यंत मी शहाद्यातल्या, धुळ्यातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं. सगळे शेवटी हसून 'काहीतरी मिसळलं असेल' म्हणतात. असेल. पण काय, कसं आणि कुणी, ते एकालाही सांगता आलेलं नाही. मलाही नाही. या सदराच्या वाचकांत कुणी जाणकार असेल तर जरूर लिहावं, मी चूक निघाले तरी मला आनंदच होईल.

तर, त्या संध्याकाळी ओट्यावर मी लिहीत होते. जिजी काठी टेकत बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या. मोबाइलकडे बघितलं.

"काय लिखी ऱ्हायनी?"

"नाही येत म्हणून कळवतेय, जिजी. तुम्ही म्हणालात ना."

त्यांनी मोबाइलवर हात ठेवला.

"पुसी टाक ते." मग बराच वेळ पदर तोंडाला लावून बसल्या. मलाही रडू फुटलं होतं. शेवटी त्यांनी नाक पुसलं आणि नेहमीच्या खड्या आवाजात विचारलं,

"मन्हा पासपोर्ट काढाले कितला दिन लागतीन?"