इव्रोजचा झरा

इव्रोजच्या घरामागं झरा होता. आमच्या डोंगरावरची सगळी वाडी त्याच पाण्यावर जगायची. तिची आई दर शनिवारी तिथं झऱ्याच्या मालकिणीला, पाण्यातल्या देवीला, मेणबत्ती लावायची, पुढं इव्रोज लावू लागली. पाणी असं गार आणि निवळ, की खाली आर्तिबोनीत नावाच्या नदीकाठी कॉलऱ्यानं माणसं पटापट मरायला लागली तेव्हा आम्ही म्हणायचो, "ते नदीचं पाणी पितात. आपल्याला काय धाड भरलीय?"

वादळ होऊन गेलं आणि मिर्लांदला हगवण लागली. इव्रोजची ती एकुलती एक, लग्नाला आलेली पोर. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. इव्रोज झऱ्याचं पाणी आणून मीठ-साखर कालवून चमच्याचमच्यानं पाजत होती. आम्ही दार बिजागरीवरून काढलं, तिला त्यावर निजवलं आणि दवाखान्याकडं निघालो. केळीच्या मळ्यापाशीच तिचा श्वास थांबला.

आठवड्याभरानं दवाखान्यातली नर्स वर आली, तिनं झरा तपासला. झऱ्याच्या वरच्या अंगाला आमच्याच वाडीतल्या सेंतिल्यूसदादाचा संडास होता, वादळात तो फुटून सगळं खाली उतरलं होतं.

इव्रोजनं विचारलं, "म्हणजे मी तिला पाजलं ते..."

नर्स तिच्याजवळ बसली. "पाजलंस ते चुकलं नाही, ताई. पाजलं नसतंस तर ती आधीच गेली असती. पण आजार आला तो ह्याच पाण्यातून."

नर्सनं क्लोरीनची बाटली ठेवली, प्रत्येक बादलीत किती टाकायचं ते दाखवलं, अर्धा तास थांबून मगच प्यायचं म्हणून सांगितलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इव्रोज बाटली घेऊन झऱ्यावर उभी. कुणी बादली पुढं करेना.

"त्या औषधानं पाण्याला कसला घाण वास येतो!" सेंतिल्यूसदादा म्हणाला. "माझा आजा हेच पाणी पिऊन काठी टेकेपर्यंत जगला. झऱ्याची मालकीण रुसेल बघ. औषधाचं पाणी तूच पी, बाई!"

बायका हसल्या. इव्रोज शांतपणे म्हणाली, "माझ्या आईनं ह्या झऱ्याला हात जोडले, मीही जोडले. आणि ह्याच झऱ्याचं पाणी माझी पोर रोज पीत होती. रोज मीच भरून ठेवत होते, दादा. दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या ह्या हातांनी."

हसू विरलं. संडासाचं तिनं नावही काढलं नाही. सेंतिल्यूसला मात्र ते ठाऊक होतं. त्याची मान खाली गेली. रिकामी बादली घेऊन तो घरी गेला. थोड्या वेळानं त्याची बायको आली आणि काही न बोलता तीच बादली तिनं पुढं केली.

मग इव्रोज रोज उभी राहू लागली. पाऊस असो, ताप असो. कुणी कुरकुर केली की ती मिर्लांदचं सांगायची, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचे, "अगं, किती वेळा तेच उकरून काढशील?" ती म्हणायची, "ऐकलं की बादली पुढं करतात."

त्या साथीत आमच्या वाडीतून आणखी तिघं आजारी पडले. तिघंही वाचले.

पुढं झऱ्याला सिमेंटची पेटी बांधली, नळ बसला. सेंतिल्यूसनं पार खालच्या उतारावर संडासाचा नवा खड्डा स्वतः खणला. नळाच्या दिवशी वाडीनं बोकड कापला, भात-घेवडा शिजवला. इव्रोजला बोलवायला मी गेले. ती मक्यात खुरपत होती.

"तुम्ही जेवा," ती म्हणाली. "मी येते मागून."

ती आली नाही. मी तिचं ताट झाकून नेलं आणि ती जेवेपर्यंत बांधावर बसून राहिले.