साथीदारांचा पिक्चर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार थोरल्या बहिणीचे, मालूताईचे. मी शिकावं म्हणून तिने नववीत शाळा सोडली आणि गावाजवळच्या आंब्याच्या कॅनिंग कारखान्यात काम धरलं. बी.ए.चा निकाल लागला त्या दुपारी मी रत्नागिरीत एकटाच कार्टूनचा पिक्चर बघायला गेलो. आधीच्या पिक्चरमधले हिरोचे विनोदी साथीदार यात स्वतःच नायक होते.

शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. ते हसले की आवाज येत नसे, फक्त खांदे हलत. पडद्याचा निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर खाडीच्या पाण्यासारखा हलत होता.

"नाना, हिरो कधी येणार?"

"आज नाय येणार. आज ह्यांची पाळी." मग ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वीस वर्षं बोटीवर जेवण बनवलंय मी. कप्तानाला काय आवडतं ते झोपेत पण सांगेन. मला काय आवडतं, कोणी विचारलं नाय."

उरलेला पिक्चर मला नीट दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून फॉर्म आणून मी ताईला लिहिलं:

"ताई, मी पास झालो. बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म सोबत आहे. तुला शिकायचं होतं का, हे मी कधी विचारलंच नाही. नको असेल तर फाडून टाक. पण तुला काय हवंय, ते मात्र कळव."