डाव्या कोपऱ्यातला मेनू

ओल्या ताडपत्रीचा वास आला की मला द्वारका चौकाजवळचे आमचे ट्रान्सपोर्टचे ऑफिस आठवते. तिथल्या संगणकांवर लिनक्स ही प्रणाली होती आणि तिचा डेस्कटॉप अद्ययावत करण्याचे काम माझ्याकडे आले होते. बुकिंग पाहणारे वयस्क कारकून हळूच म्हणाले, "साहेब, माझं तेवढं जुनंच राहू द्या." सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात मी विचारले, "का हो काका, हुंड्यात मिळालंय का?" सगळे खदखदून हसले आणि मी त्यांचाही डेस्कटॉप बदलला. दुपारी मालकांनी इगतपुरीच्या गाडीची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, काढायला सांगितली. काकांचा माउस सवयीने खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला. नव्या रचनेत मेनू वर सरकला होता, तरी ते त्या रिकाम्या जागेवरच क्लिक करत राहिले. "अहो, वर आहे, दिसत नाही का?" मालक ओरडले. "नाही दिसत, शेठ. सगळं सवयीनं करत होतो," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढले. जुनी रचना परत आणणे माझ्या हातात होते. मी ती आणली नाही. मला काहीच ठाऊक नव्हते, अशी स्वतःची समजूत मी आजही घालू पाहतो. पण डेस्कटॉप बदलण्याआधीच मी त्यांना कागद अगदी नाकाशी धरून वाचताना पाहिले होते.